छोटं दुकान, एकच कॉम्प्युटर : सुरक्षेची सुरुवात कुठून करायची?

केबलवाला

लक्ष्मी रोडपासून भोसरी एमआयडीसीपर्यंत छोट्या दुकानांचे, क्लासचे, वर्कशॉपचे कॉम्प्युटर, प्रिंटर आणि वायफाय सांभाळणं हा माझा धंदा. एएमसीची (वर्षभराच्या देखभाल कराराची) बोलणी सुरू झाली की मालकाचा पहिला प्रश्न ठरलेला: "अँटिव्हायरस कुठला टाकू?" टाका हो कुठलाही. क्विक हीलसारखी कंपनी याच गावात कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या धंद्यातून उभी राहिली, तेव्हा पुणेकराला अँटिव्हायरसचं प्रेम असणारच. विंडोज अस्सल असेल आणि अपडेट होत असेल, तर त्याच्यासोबत येणारा डिफेंडरही बऱ्याच दुकानांना पुरतो. पण मी बघतोय त्या प्रकरणांत पैसे या दारानं क्वचितच जातात. म्हणून हा धागा. माझ्या मते क्रम असा: आधी मेल, मग सिमकार्ड, मग बॅकअप. अँटिव्हायरस चौथा.

मेल आधी का? जीएसटी पोर्टल, वेबसाइटचं डोमेन, दुकानाचं इन्स्टाग्राम, सप्लायरशी पत्रव्यवहार, कुठेही 'पासवर्ड विसरलात?' दाबलं की लिंक मेलवर येते. मेल गेला की बाकीचं एकेक करून जातं. आणि दुकानांच्या मेलची अवस्था काय असते? कधीकाळी डीटीपीवाल्या पोरानं जीमेल काढून दिलेला, रिकव्हरीचा नंबर त्याचाच, आणि तो पोरगा आता बंगळूरला. पासवर्ड म्हणजे दुकानाचं नाव आणि पुढे १२३. तोच वायफायला, तोच टॅलीला, आणि वर मॉनिटरच्या कडेला चिकटवलेला.

पासवर्ड लांब हवा, अवघड नको. एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत टाइप करा: पोहे-सायकल-मुठा-चष्मा-गुरुवार. (हा इथे छापला, आता वापरू नका.) दर महिन्याला बदलायची गरज नाही. अमेरिकेच्या निस्ट या मानक संस्थेनेही २०१७ च्या मार्गदर्शिकेत सांगितलंय की ठरावीक मुदतीने पासवर्ड बदलायला लावू नका. गळतीचा संशय आला की मात्र लगेच बदला. महत्त्वाचं हे की मेलचा पासवर्ड दुसरीकडे कुठेही नको. लक्षात राहत नसतील तर बिटवॉर्डनसारखा पासवर्ड मॅनेजर फुकट मिळतो. तेही झेपत नसेल तर वहीत लिहा आणि वही कुलपात ठेवा. वही वाईट असं मी म्हणत नाही, मॉनिटरवरची चिठ्ठी वाईट.

त्यावर टू-स्टेप व्हेरिफिकेशन लावा, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक कोड लागतो. शक्यतो फोनवरच कोड दाखवणाऱ्या ऑथेंटिकेटर अ‍ॅपचं. सुरू करताना गुगल बॅकअप कोड देतं, ते छापून शॉप अ‍ॅक्टच्या कागदांबरोबर ठेवा. फोन हरवला की त्यांची किंमत कळते.

आता जे फारसं कोणी सांगत नाही ते. जीमेलच्या सेटिंगमध्ये जाऊन 'फॉरवर्डिंग' आणि 'फिल्टर' ही दोन पानं आजच बघा. मेलमध्ये शिरलेला हुशार चोर पासवर्ड बदलत नाही, कारण मग तुम्हाला कळतं. तो गुपचूप एक फिल्टर लावतो: 'इनव्हॉइस' किंवा 'पेमेंट' शब्द असलेला मेल बाहेरच्या पत्त्यावर पाठव आणि इनबॉक्समधून हलव. नंतर तुम्ही पासवर्ड बदललात तरी तो फिल्टर तसाच काम करत राहतो. एका ठिकाणी मालक म्हणत होते, "एकाच पार्टीचे मेल येईनासे झालेत, त्यांचाच सर्व्हर खराब असेल." सर्व्हर ठणठणीत होता. फिल्टर पार्टीच्या नावाचा होता.

सिमचं थोडक्यात. ओटीपी सिमवरच येतात, म्हणून चोराला ते हवं असतं. काही कारण नसताना रेंज गेली आणि फोन बंद-चालू करूनही परत आली नाही, तर दुसऱ्या फोनवरून कंपनीला विचारा की डुप्लिकेट सिम किंवा ई-सिम निघालंय का. आपल्या नावावर किती नंबर आहेत ते संचार साथी पोर्टलवर दिसतं. जुन्या कामगाराला काढून दिलेलं सिम अजून तुमच्याच नावावर चालू असेल.

बॅकअपबद्दल मी जरा कडक आहे. टॅलीचा बॅकअप ज्या पेनड्राइव्हवर जातो तो कायम मशीनलाच खोचलेला असतो. रॅन्समवेअर (फाइली लॉक करून खंडणी मागणारा व्हायरस) आला की डी ड्राइव्हबरोबर तो पेनड्राइव्हही लॉक. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुकानाबाहेर, हा जुना नियम आजही चालतो. तापकीर गल्लीच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात एक हार्ड डिस्क घ्या, आठवड्यातून एकदा जोडा, कॉपी करा, काढा, घरी न्या. आणि महिन्यातून एकदा तो बॅकअप दुसऱ्या मशीनवर उघडून बघा. न उघडलेल्या बॅकअपवर माझा विश्वास नाही.

तुमचे अनुभव लिहा. मतभेद असतील तर तेही.

भोसरीचा_लेथ

फिल्टरचं वाचून लगेच बघितलं. आमचं स्वच्छ आहे. पण आमच्या शेजारच्या गाळ्यात मागच्या वर्षी हेच झालं असणार, आता डोक्यात प्रकाश पडला. त्यांना कच्चा माल देणाऱ्या पार्टीचा मेल आला: "आमचं खातं ऑडिटमुळे बंद आहे, या वेळचं पेमेंट खालील खात्यात करा." बिलाचा नंबर बरोबर, रक्कम बरोबर, खाली सही-शिक्का बरोबर. पेमेंट केलं. आठ-दहा दिवसांनी खऱ्या पार्टीचा फोन, "शेठ, पैसे कधी?" मग पत्ता भिंग लावून बघितला. नावात एम असायला हवा तिथे आर आणि एन शेजारी शेजारी होते. छोट्या अक्षरात बघा, वेगळं ओळखूच येत नाही.

आता आमच्याकडे पद्धत अशी की खाते क्रमांक बदलल्याचा कुठलाही मेल आला तर आपल्या जुन्या डायरीतल्या नंबरवर फोन करायचा. मेलमध्ये दिलेल्या नंबरवर नाही. मुलगी अकाउंट्स बघते, तिला सांगून ठेवलंय की मी स्वतः घाई केली तरी ऐकायचं नाही.

केबलवाला

@भोसरीचा_लेथ, शेवटचं वाक्य सोन्यासारखं. 'साहेबांनी तातडीनं सांगितलंय' हाच सापळा असतो. साहेबांचा डीपी लावलेल्या अनोळखी व्हॉट्सअ‍ॅप नंबरवरून अकाउंटंटला मेसेज येतो, "मीटिंगमध्ये आहे, फोन करू नकोस, एवढे आरटीजीएस कर." मालकानेच आधी सांगून ठेवलं नसेल तर बिचारी अकाउंटंट नाही कशी म्हणणार?

एक भर. आरटीजीएस आणि एनईएफटीचे पैसे खाते क्रमांकावर जमा होतात, तुम्ही टाकलेल्या नावाशी जुळवून नाही. नाव काहीही लिहा, पैसे जातात. म्हणूनच रिझर्व्ह बँकेनं बँकांना पैसे पाठवण्याआधी लाभार्थ्याचं खरं नाव दाखवण्याची सोय १ एप्रिल २०२५ पर्यंत द्यायला सांगितली. नवीन खातं जोडताना ते नाव वाचा. फर्मच्या जागी कुणा भलत्याच माणसाचं नाव दिसलं की तिथेच थांबा.

सदाशिव_अण्णा

वाचतो आहे. पण मूळ प्रश्न कोणी विचारत नाही तो मी विचारतो. २०१८ च्या ऑगस्टमध्ये आपल्या कॉसमॉस बँकेचे ९४ कोटी गेले. एवढी जुनी, १९०६ सालची बँक, गणेशखिंड रस्त्यावर एवढी मोठी इमारत, त्यांना जमलं नाही ते आमच्या किराणा दुकानाला जमणार? आमची उधारीची वही गेली पन्नास वर्षं कोणी हॅक केलेली नाही.

मुक्काम_पोस्ट_वारजे

अण्णा, वही उंदरांनी हॅक केली होती असं तुम्हीच मागे एका धाग्यावर लिहिलं होतं. :)

केबलवाला

अण्णा, प्रश्न रास्त आहे म्हणून नीट उत्तर देतो. कॉसमॉसवरचा हल्ला बँकेच्या एटीएम स्विचवर, म्हणजे एटीएमचे व्यवहार मंजूर करणाऱ्या व्यवस्थेवर होता. मालवेअर घुसवून खोटी मंजुरी देणारी यंत्रणा उभी केली आणि ११ ऑगस्टला क्लोन केलेल्या कार्डांनी २८ देशांतल्या एटीएममधून पैसे काढले. मग १३ तारखेला स्विफ्ट या बँकांच्या आंतरराष्ट्रीय व्यवहारांच्या यंत्रणेतून आणखी १३.९२ कोटी हाँगकाँगच्या खात्यात. खातेदारांच्या खात्यांतून पैसे गेले नाहीत, फटका बँकेला बसला. दोन्ही दिवस बघा: शनिवार, आणि सुट्टीनंतरचा सोमवार.

ते करणारे लोक तुमच्या किराणा दुकानामागे लागणार नाहीत. तुमच्यामागे लागतात ते फोनवाले, आणि त्यांना एका दिवसात शंभर माणसं पकडायची असतात. जो दोन मिनिटं जास्त घेतो त्याला ते सोडून देतात. म्हणजे तुम्हाला बँकेएवढी तटबंदी लागत नाही.

खमंग_केटरर

आमच्या धंद्यात दर सीझनला येणारा फोन सांगते. "मी आर्मीतून बोलतोय, खडकीला युनिट आहे, साठ माणसांचं जेवण पाहिजे." मेनू विचारतो, घासाघीस अजिबात करत नाही (इथेच संशय यायला हवा, पुण्यात ऑर्डर आणि घासाघीस नाही?). मग म्हणतो, आमच्याकडे पेमेंटची पद्धत वेगळी आहे, मी क्यूआर पाठवतो, स्कॅन करून पिन टाका म्हणजे अ‍ॅडव्हान्स जमा होईल. व्हॉट्सअ‍ॅपवर आर्मीचं ओळखपत्र, कँटीन कार्ड, गणवेशातला फोटो सगळं पाठवतो.

माझ्या हाताखालच्या मुलींना एकच वाक्य पाठ करून घेतलंय: पैसे घ्यायला पिन लागत नाही. पिन टाकला म्हणजे पैसे गेले.

सायली_तळेगाव

+१००. माझ्या माहितीप्रमाणे यूपीआयवरून एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीला पैसे मागण्याची 'कलेक्ट रिक्वेस्ट' यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने १ ऑक्टोबर २०२५ पासून बंदच केली. पण क्यूआरवाला प्रकार अजून चालू आहे. आणि दुकानदारांनो, काउंटरवरचा क्यूआर रोज सकाळी स्वतः एकदा स्कॅन करून नाव बघा. वर दुसरं स्टिकर चिकटवलं तर गर्दीत कळत नाही. साउंडबॉक्स बोलला नाही तर माल सोडू नका. गिऱ्हाइकाच्या फोनवरचा हिरवा टिक खोटाही बनवता येतो.

ज्ञानपिपासू_४२

यात नवीन काय? हे सगळं गुगलवर मिळतं.

केबलवाला

मिळतं. आणि गुगलवरच बँकेचा कस्टमर केअर नंबर शोधून लोक खोट्या माणसाला फोन करतात, तोही तिथेच मिळतो. नंबर कार्डाच्या मागून किंवा पासबुकावरून घ्या. बँकांच्या वेबसाइट आता डॉट बँक डॉट इन या पत्त्यावर गेल्या आहेत आणि बँकांचे अधिकृत कॉल १६०० ने सुरू होणाऱ्या नंबरवरून यावेत अशी व्यवस्था केली आहे. दहा आकडी साध्या मोबाईलवरून 'बँकेतून बोलतोय' आला की ठेवून द्यायचा.

क्लासवाली

माझा नवी पेठेत स्पर्धा परीक्षांचा छोटा क्लास आहे. आमच्याकडे पैसे फारसे नसतात, माहिती मात्र भरपूर: मुलांचे आधार, मार्कशीट, पालकांचे नंबर. ते सगळं एका गुगल शीटमध्ये. माझ्या मदतनीसाने लिंक 'कोणालाही उघडता येईल' अशी ठेवली आहे, कारण दर वेळी परवानगी द्यायचा कंटाळा. हे कितपत धोक्याचं?

आणि दुसरं, मुलं फॉर्म भरायला झेरॉक्सच्या दुकानात जातात, दुकानदाराच्या व्हॉट्सअ‍ॅपवर आधार पाठवतात. ते पुढे कुठे जातं?

केबलवाला

ताई, तुमचा प्रश्न या धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा आहे असं मला वाटतं, कारण इथे नुकसान तुमचं नाही, मुलांचं होतं. ती लिंक आजच बंद करा आणि नावानिशी दोघा-तिघांना परवानगी द्या. एकदा दिली की परत परत द्यावी लागत नाही. आधारचे नंबर शीटमध्ये मुळात लागतात का ते बघा. फी घ्यायला आधार लागत नाही. जी माहिती तुमच्याकडे नाही ती तुमच्याकडून गळू शकत नाही. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा टप्प्याटप्प्याने अमलात येतोय, तो लहान क्लासलाही वगळत नाही, आणि अठरा वर्षांखालच्या मुलांची माहिती घ्यायला पालकांची संमती घेण्याची तरतूद त्यात आहे.

झेरॉक्सवाल्याचं: तो वाईट माणूस नसतो, त्याला फक्त पुसायला वेळ नसतो. मी अशा दुकानांत मशीन बसवतो. डाउनलोडचा फोल्डर उघडला की महिनोन्महिन्यांची आधार, पॅन, सातबारा, भाडेकरार सगळं एका रांगेत. तिथे आधार द्यायचंच असेल तर 'मास्क्ड आधार' द्या, आधार देणाऱ्या यूआयडीएआयच्या साइटवरून उतरवता येतं, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. आणि मुलांनी तिथल्या कॉम्प्युटरवर स्वतःचं व्हॉट्सअ‍ॅप वेब लावलं असेल तर फोनमध्ये 'लिंक्ड डिव्हाइसेस' उघडून काढायला सांगा. नुसती खिडकी बंद केल्यानं लॉगआउट होत नाही.

शिवाजीनगर_कोर्ट

वकिली करतो. दोन गोष्टी लिहितो, कारण लोक माझ्याकडे उशिरा येतात.

पहिली, फसवणूक झाली तर आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन, मग राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार, आणि त्याच वेळी बँकेला लेखी. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, तिसऱ्यात फिरवले जातात. लवकर फोन झाला तर वाटेत अडवता येतात. 'उद्या मुलगा आला की बघू' यात पैसे एटीएममधून निघून जातात. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकानुसार दोष तुमचा नसेल, तिसऱ्याच कुणाच्या त्रुटीमुळे पैसे गेले असतील आणि तुम्ही ३ कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर तुमची जबाबदारी शून्य. ४ ते ७ दिवसांत कळवलं तर मर्यादित. ओटीपी तुम्हीच सांगितला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणजे ओटीपी दिला म्हणून लाजून गप्प बसणं हा शुद्ध तोटा आहे.

पुणे शहराचं सायबर पोलीस ठाणं शिवाजीनगरला. पिंपरी-चिंचवडचं आयुक्तालय २०१८ पासून वेगळं आहे, भोसरीवाल्यांनी तिकडे. पण तक्रार कुठल्याही ठाण्यात देता येते, हद्दीचं कारण सांगून परत पाठवता येत नाही.

दुसरी गोष्ट दुकानदारांसाठी. तुम्ही काही केलेलं नसताना खातं गोठतं. कुणीतरी चोरीच्या पैशातून तुमच्याकडे मिक्सर घेतो, पैसे यूपीआयनं येतात, आणि महिन्याभरानं परराज्यातल्या पोलिसांच्या पत्रावरून बँक तुमच्या खात्यावर लीन टाकते, म्हणजे पैसे अडवून ठेवते. घाबरू नका. बँकेकडून तक्रारीचा पावती क्रमांक आणि कुठल्या ठाण्याचं पत्र आहे ते लेखी मागा. त्या तपास अधिकाऱ्याला बिल, जीएसटी नोंद, डिलिव्हरीची सही पाठवा. आणि मागणी करा की वादातल्या रकमेपुरतीच रोख ठेवा, पूर्ण खातं गोठवू नका. म्हणून सांगतो, अनोळखी गिऱ्हाइकाला बिल द्याच. चार हजारांचं कच्चं बिल पुढे फार महाग पडतं.

खमंग_केटरर

हे खातं गोठण्याचं माहीतच नव्हतं. धंद्याचं आणि घरखर्चाचं खातं वेगळं ठेवायला हेही एक कारण झालं.

डेन्व्हरचा_कोथरूडकर

आई-बाबा कोथरूडला दोघंच. 'डिजिटल अरेस्ट'च्या (खोटे पोलीस व्हिडिओ कॉलवर 'अटक' करून पैसे उकळतात त्या) बातम्या वाचून झोप उडते. इथून मी काय करू शकतो?

शिवाजीनगर_कोर्ट

आपल्या कायद्यात व्हिडिओ कॉलवरची अटक हा प्रकारच नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये पंतप्रधानांनीही 'मन की बात'मध्ये हेच सांगितलं. पण आई-बाबांना नुसतं सांगून भागत नाही. ते लोक पहिली अट घालतात की कुणालाही सांगायचं नाही. म्हणून उलट अट आधीच घालून ठेवा: कुठलाही पोलीस, सीबीआय, कस्टमचा फोन आला की तो ठेवून आधी शेजारच्या काकूंचं दार वाजवायचं. बँकेत जाऊन ऑनलाइन व्यवहाराची मर्यादा कमी करून घ्या. आणि मोठी एफडी ऑनलाइन मोडता येते का ते शाखेत विचारा, येत असेल तर ती सोय बंद करता येईल का तेही.

सायली_तळेगाव

आणि लग्नपत्रिका! व्हॉट्सअ‍ॅपवर पत्रिका, आरटीओचं चलान, बँकेचं केवायसी अशा नावानं फाइल येते आणि शेवटी 'एपीके' असतं. पत्रिका फोटो असते किंवा पीडीएफ, अ‍ॅप नसते. ते अ‍ॅप एसएमएस वाचायची परवानगी मागतं, मग ओटीपी तुमच्याआधी त्यांना दिसतात. टाकलं गेलंच तर फोन फ्लाइट मोडवर, दुसऱ्या फोनवरून बँक आणि १९३०, आणि नंतर फॅक्टरी रीसेट. नुसतं अनइन्स्टॉल करून विसरू नका. नातेवाइकाच्या नंबरवरून आली असली तरी आधी फोन करा, त्याचं व्हॉट्सअ‍ॅप गेलेलं असू शकतं.

भोसरीचा_लेथ

केबलवाले, एक राहिलं. आमचा टॅलीवाला घरून एनीडेस्क (दुरून कॉम्प्युटर चालवायचं सॉफ्टवेअर) लावून काम करतो. त्याला कायमचा पासवर्ड देऊन ठेवलाय. बंद करू का?

केबलवाला

कायमचा पासवर्ड काढा. तो फोन करेल तेव्हा तुम्ही 'स्वीकारा' दाबायचं, काम झालं की बंद करायचं. थोडी कटकट होईल, त्याला आधी कल्पना द्या. माझ्यासकट कुठल्याही मेकॅनिकला रात्री दोन वाजता तुमच्या मशीनमध्ये शिरायची गरज नसते. आणि कोणी राउटरमध्ये रिमोट डेस्कटॉपचा पोर्ट (बाहेरून मशीन चालवायची वाट) उघडा ठेवला असेल तर तो आधी बंद. रॅन्समवेअरवाले तो रस्ता रोज चाचपत असतात.

मशीन अजून विंडोज १० वर असेल तर त्याचा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, हेही पाहून घ्या. २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय नावाच्या रॅन्समवेअरनं जगभर मशीन लॉक केली, तेव्हा त्यावरचा अपडेट मार्चमध्येच येऊन पडला होता. लावला नव्हता, एवढंच.

सदाशिव_अण्णा

हा धागा वाचून सोसायटीच्या सीसीटीव्हीचा पासवर्ड कोणाकडे आहे ते विचारायला सेक्रेटरीकडे गेलो. ते म्हणाले चेअरमनना विचारा. चेअरमन म्हणाले बसवणाऱ्याला विचारा. शेवटी वॉचमन म्हणाला, "काका, अ‍ॅडमिन, आणि पुढे एक ते सहा. सगळ्यांचाच असतो."

केबलवाला

अण्णा, तो आज बदला. वॉचमनला मात्र अंधारात ठेवू नका, त्याला फक्त कॅमेरे बघण्यापुरता वेगळा युजर काढून द्या, डीव्हीआरमध्ये (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणाऱ्या डब्यात) ती सोय असते. अ‍ॅडमिनचा पासवर्ड सेक्रेटरीकडे बंद पाकिटात. आणि डीव्हीआर ज्या राउटरला जोडलाय त्याचाही बदला, बहुतेक तोही एक ते सहाच असेल.